मालमोटारीला कुळ नाहीं काय?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या शहरीं जुन्या मोटारींचा एक मेळावा भरला होता. मैदानावर मांडव घातला होता, सनई वाजत होती, आणि पितळी दिव्यांच्या, उघड्या टपाच्या, एके काळीं संस्थानिकांच्या पदरीं असलेल्या मोटारी ओळीनें उभ्या होत्या. आमच्यासारखीं पांढरपेशीं कुटुंबें मुलाबाळांसह त्यांच्याभोंवतीं हिंडत होतीं. मीहि हिंडलों आणि मलाहि आनंद झाला. तो नाकारण्याइतका मी अरसिक नाहीं. परंतु मैदानाच्या फाटकाबाहेर, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशेजारीं, एक मालमोटार उभी होती. १९५८ सालीं जमशेदपुरास तयार झालेली, वाटोळ्या नाकाची, दर्शनी जाळीवर तीन टोंकांचा तारा मिरविणारी ती टाटा-मर्सिडीझ गाडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें चार वर्षें खपून पुन्हां चालती केली होती. तिला आंत प्रवेश नव्हता. इतकेंच नव्हे, तर ती तेथवर आली होती तीहि दुसऱ्या एका ट्रकच्या पाठीवर बसून; कारण स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर येण्याचा तिला अधिकार उरलेला नाहीं. मीं संयोजकांपैकीं एका सद्गृहस्थांपाशीं रदबदली केली. ते हंसून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, हा वारशाचा मेळावा आहे. मालमोटारीला कसलें आलें आहे कुळ?”

हें वाक्य बोलणाराच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. तरीपण तें माझ्या मनांतून गेलें नाहीं. कारण तें त्या एकट्या गृहस्थांचें मत नव्हे. आपल्या सुशिक्षित वर्गाचें तें मत आहे आणि दुर्दैवानें आपल्या कायद्याचेंहि तेंच मत आहे. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें मोटार-वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिन्टेज’ वाहनांची निराळी व्यवस्था लाविली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या खाजगी दुचाकी व चारचाकी गाड्यांना तींत स्थान मिळालें. त्यांच्या नंबरपट्टीवर ‘व्हीए’ हीं वेगळीं अक्षरें आलीं; नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये व मुदत दहा वर्षें ठरली; आणि अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, मेळावा वगैरे कारणांपुरतीच रस्त्यावर आणावी, रोजच्या वापरास वा धंद्यास लावूं नये, असा निर्बंध घातला गेला. नियम मुळांत सुज्ञपणाचा आहे आणि त्याबद्दल सरकारचें अभिनंदनच केलें पाहिजे. परंतु मागच्या आंसाला जोडचाकें असलेली आणि भाड्यानें माल वाहण्यासाठींच जन्मलेली मालमोटार ‘खाजगी चारचाकी’ या शब्दांत बसावी कशी? माझा विद्यार्थी कागदपत्रें घेऊन परिवहन-कचेरींत गेला, तेव्हां त्याला सांगण्यांत आलें कीं, दप्तरीं ही मालवाहू गाडी आहे. चालवावयाची असल्यास आजच्या मालवाहू गाडीच्या सर्व कसोट्यांस उतरवा, नाहींतर मोडीत काढून दाखला घेऊन जा. कारकुनाचा दोष नाहीं. तिसरा मार्ग त्याच्या पुस्तकांत लिहिलेलाच नव्हता.

तो मार्ग लिहिला जावा कीं नाहीं, हाच आजच्या लेखाचा प्रश्न. प्रथम पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडूं. प्रतिपक्षाचे आक्षेप चार आहेत. पहिला असा कीं, मालमोटार हें ओझें वाहणारें जनावर. तिला इतिहास नाहीं, सौंदर्य नाहीं. दुसरा असा कीं, या गाड्या जन्मभर ठोकून-जोडून चालविलेल्या असल्यामुळें त्यांत ‘मूळ’ असें कांहीं राहिलेलेंच नसतें. तिसरा असा कीं, जुनें डिझेल-यंत्र धूर ओकतें. तें वितळवून नवें पोलाद करावें हेंच देशहिताचें. आणि चौथा, जो बोलून दाखविला जात नाहीं पण मनांत असतो, तो असा कीं, सुटे भाग हुडकीत भंगाराच्या दुकानांतून हिंडणें हें सुशिक्षिताचें काम नव्हे.

पहिला आक्षेप घेऊं. मालमोटारीला इतिहास नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं तो वाचलेला नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडीला परदेशी भाग आणून गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडूं लागले. १९४८ सालीं मद्रासेस अशोक मोटर्स निघाली. इंग्लंडांतील लेलँड कंपनीशीं हातमिळवणी होऊन १९५५ सालीं तिचें नांव अशोक लेलँड झालें. आगगाडीचीं इंजिनें बांधण्यासाठीं १९४५ सालीं स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्कोनें १९५४ सालीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशीं करार केला. तो १९६९ सालीं संपला आणि जाळीवरचा तारा जाऊन तेथें ‘टी’ हें अक्षर आलें. जबलपुरास लष्करासाठीं मान कंपनीच्या नमुन्यावर ‘शक्तिमान’ गाड्या बनल्या. ही केवळ यंत्रांची वंशावळ नव्हे. परक्या देशाचा माल जुळविणारा देश स्वतः माल घडवूं कसा लागला, याची ती कुळकथा आहे. १९५३ नंतर, येथें उत्पादन करण्याची योजना नसलेल्या जुळणी-कारखान्यांना दार बंद करण्यांत आलें, जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनीं आपला गाशा गुंडाळला आणि रस्त्यावरच्या त्यांच्या हजारों गाड्या जणूं पोरक्या झाल्या. पुढें परकीय चलनाच्या टंचाईमुळें आयात-परवाने आवळले गेले. त्या पोरक्या गाड्यांना जगविण्यासाठीं गांवोगांवच्या कारागिरांना जें शिकावें लागलें, त्या शिक्षणाचा आपल्या औद्योगिक प्रगतींत केवढा वाटा आहे याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाहीं.

शिवाय या गाड्यांनीं काय वाहिलें तें पाहा. रेल्वे बहुतेक गांवांच्या शिवेबाहेरच थांबली. देशावरचा गूळ कोंकणांत आणि कोंकणचा आंबा मुंबईस जावयाचा तो मोठ्या अंशीं याच गाड्यांच्या पाट्यांवर. कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली ती १९९८ सालीं. ज्या मासिकांत मी हें लिहीत आहें त्याचा कागद छापखान्यापर्यंत आला तोहि कोणत्या वाहनानें, याचा वाचकांनीं विचार करावा. महाराजांची मोटार शिकारीस गेली आणि लग्नाच्या वरातींत मिरविली. तिनें आपल्या पणजोबांचें आयुष्य बदललें नाहीं. मालमोटारीनें बदललें. इतिहासाचा अध्यापक या नात्यानें मी एवढेंच म्हणतों कीं, ज्या राष्ट्राच्या वस्तुसंग्रहांत पालखी आहे पण बैलगाडी नाहीं, तें राष्ट्र आपल्याच पोटाचा इतिहास विसरलें आहे.

आतां दुसरा आक्षेप, आणि हाच खरा महत्त्वाचा आहे. कारण कायद्यांतला ‘मूळ स्वरूपांत राखलेली’ हा शब्दप्रयोग त्यावरच उभा आहे. खाजगी मोटारीच्या बाबतींत तो अर्थपूर्ण आहे. ती कारखान्यांतून पूर्ण होऊन येते. तेव्हां ‘मूळ’ म्हणजे काय हें कारखान्याच्या चित्रावरून ठरवितां येतें. आपल्याकडील मालमोटार अशी येतच नसे. पुष्कळशा गाड्या सांगाडा, यंत्र, चाकें आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढ्यानिशीं कारखान्याबाहेर पडत. चालक उघड्यावर बसून, डोक्यातोंडाला फडकें गुंडाळून, शेंकडों मैल ती हांकीत नेई. आणि मग केबिन व हौदा बांधण्याचें काम सुतार-लोहार करीत. त्या केबिनचें चित्र कोणत्याहि कारखान्यांत नाहीं. तें मिस्त्रीच्या डोक्यांत होतें. म्हणजे अर्धी गाडी जर्मनीच्या नमुन्याची आणि अर्धी एखाद्या गल्लींतल्या रंध्याची, हेंच तिचें मूळ स्वरूप! पुढें पेट्रोल महाग पडूं लागलें, तेव्हां डॉज, फार्गो, बेडफर्ड यांसारख्या गाड्यांतून पेट्रोलचें यंत्र काढून पर्किन्सचें डिझेल-यंत्र बसविण्याची चाल पडली. तीं यंत्रें मद्रासची सिम्प्सन कंपनी येथेंच बनवूं लागली होती. अशी गाडी ‘बदललेली’ म्हणून बाद करणें म्हणजे एखाद्या जुन्या पोथीच्या समासांतल्या टीपा खोडून काढून तिला शुद्ध म्हणण्यासारखें आहे. श्रम करणाऱ्या वस्तूचें मूळपण तिच्या दुरुस्त्यांत असतें. कोणती दुरुस्ती धंद्याच्या काळांत झाली आणि कोणती परवां हौसेखातर झाली, एवढा विवेक परीक्षकानें करावा. आणि तो करतां येतो.

तिसरा आक्षेप धुराचा. धूर वाईट, याबद्दल वाद नाहीं. माझ्या स्वतःच्या घरांत दम्याचा रोगी आहे. परंतु वर्षांतून चार-पांच दिवस मेळाव्यापुरती चालणारी गाडी आणि रोज रात्रंदिवस माल ओढणारी गाडी यांना एकच मापानें मोजणें हा गणिताचा अपमान आहे. पन्नास वर्षांच्या खाजगी मोटारीचा धूर वारसा म्हणून सुगंधी ठरतो आणि मालमोटारीचा तेवढा विषारी ठरतो, हें रसायनशास्त्र कोणत्या प्रयोगशाळेंत शिकवितात? जी सवलत एकीस दिली तीच, त्याच निर्बंधांसह, दुसरीस द्या. धंद्यास लावल्यास खुशाल जप्त करा. राहिली गोष्ट पोलादाची. मोडीत निघालेल्या सामान्य गाड्या वितळविल्या पाहिजेत, यास माझी हरकत नाहीं. पण प्रत्येक जातीच्या शेवटच्या पांच-दहा गाड्या वितळवून जें पोलाद मिळेल, त्यानें देशाची कोणती उणीव भरून निघणार आहे?

चौथ्या, न बोललेल्या आक्षेपाचें उत्तर मला जरा विस्तारानें द्यावयाचें आहे. कारण सुटे भाग हुडकणें म्हणजे काय, हें मीं माझ्या विद्यार्थ्याच्या मागें हिंडून पाहिलें आहे. त्याचे वडील चालक होते आणि पुढें याच गाडीचे मालक झाले. तिच्या भाड्यावर त्यांनीं मुलाला कॉलेजांत धाडलें. माझ्या वर्गांतल्या बांकावर तो बसला तो या गाडीनें वाहिलेल्या गुळाच्या जोरावर. वडील वारले, तेव्हां गाडी शेतांत बाभळीखालीं वीस वर्षें उभी होती. तो आज एका साखर-कारखान्यांत हिशेबनीस आहे. चार वर्षें त्यानें आपल्या सुट्या आणि शिल्लक या लोखंडावर खर्च केली.

या गाडीच्या यंत्रांत सहा नळकांडीं, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर आणि दट्ट्याचा पल्ला १२० मिलिमीटर. एकूण आकारमान सुमारें साडेचार लिटर. पुढें टाटांचें ‘६९२’ नांवाचें यंत्र निघालें; सहा नळकांडीं आणि ९२ मिलिमीटर व्यास, हें त्या नांवाचें कोडें. पल्ला तोच, पण व्यासाला दोन मिलिमीटर वाढले, आणि तेवढ्या दोन मिलिमीटरांमुळें नव्याचे दट्टे जुन्याला निरुपयोगी झाले. डिझेल फवारणाऱ्या पंपांत दांडी आणि तिची नळी एकमेकींत घासून बसविलेल्या असतात. त्यांच्यामधली फट केसाच्या जाडीचा लहानसा अंश. एक झिजली कीं दोन्ही टाकून द्याव्या लागतात. दुसऱ्या जोडींतली नळी चालत नाहीं. असा पंप त्याला कुर्ल्याच्या भंगारबाजारांत मिळाला नाहीं, दिल्लीच्या मायापुरींत मिळाला नाहीं. अखेर एका खडीच्या खाणीवर, बंद पडलेल्या यंत्राला चिकटलेला सांपडला. मग आट्यांचा प्रश्न. इंग्लंडांतल्या जुन्या व्हिटवर्थ पद्धतीच्या आटीचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिक आटीचा ६० अंशांचा. पूर्वीं कोणी तरी घाटांत अडचणीच्या वेळीं मेट्रिक भोंकांत इंग्रजी बोल्ट ठोकून बसविला होता. तो बाहेर काढतांना लोखंडाला तडा गेला, आणि पाण्याच्या पंपाचें कवच नवें ओतणें भाग पडलें.

तें कवच ओतण्याची हकीकत मी मुद्दाम सांगतों. एका ओतशाळेनें जुनें कवचच वाळूंत दाबून त्याचा ठसा घेतला आणि त्यावरून नवें ओतलें. दिसावयास हुबेहूब, पण भोंकें जुळेनात. ओतीव लोखंड निवतांना शेंकडा एकाच्या सुमारास आकसतें. वीस सेंटिमीटरांच्या वस्तूंत दोन मिलिमीटरांचा फरक पडला. मग कोल्हापुरच्या उद्यमनगरांत लाकडी पॅटर्न करणारे एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनीं कवच हातांत घेऊन पाहिलें आणि विचारलें, “बाळ, कुठल्या पट्टीनं मापलंस?” त्यांच्या धंद्याची मोजपट्टीच निराळी असते, आकसण्याची भरपाई व्हावी म्हणून तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून अंमळ मोठा असतो. त्या पट्टीनें सागवानाचा पॅटर्न झाला, आणि कवच पहिल्याच फटक्याला बसलें. मिस्त्रींचा मुलगा या धंद्यांत नाहीं. ती पट्टी भिंतीवर टांगलेली मीं पाहिली. उद्यां ती कोण वाचील?

म्हणून मी म्हणतों, जुनी मालमोटार दुरुस्त करणें ही हौस असेल, पण ती हौस म्हणजे एक शाळा आहे. धातु, लाकूड, मापन, व्यापार आणि भूगोल हे सारे विषय तींत एकत्र येतात. आमच्या अभियांत्रिकी कॉलेजांतून दर वर्षीं शेंकडों पदवीधर बाहेर पडतात. त्यांतल्या किती जणांनीं आकसणारें लोखंड हातांत धरून पाहिलें आहे? भंगाराच्या दुकानांत जाणें हलकें मानणाऱ्या आमच्या वर्गानें ध्यानांत ठेवावें कीं, दप्तरखान्यांत धुळीनें माखलेले रुमाल सोडणारा संशोधक आणि लोखंडाच्या ढिगांत एक नंबर शोधणारा हा हिशेबनीस एकाच जातीचे आहेत. एकाला आपण पदवी देतों, दुसऱ्याला हंसतों.

इंग्लंडचा दाखला देण्याची आमच्या पिढीला खोड आहे, आणि येथें तो आवश्यकच आहे. कारण अशोक लेलँडच्या नांवांतलें लेलँड हें लँकेशायर परगण्यांतलें एक गांव आहे. त्या गांवीं जुन्या मालमोटारी, बसगाड्या व आगीचे बंब यांचें स्वतंत्र वस्तुसंग्रहालय आहे. जुन्या धंदेवाईक गाड्यांची लंडनहून ब्रायटनपर्यंतची यात्रा १९६२ सालापासून भरत आली आहे. ज्या ‘कॉमेट’ जातीच्या गाड्यांनीं आपला माल वाहिला, तिच्या इंग्लंडांतल्या बहिणी तेथें सन्मानानें नांदतात. येथल्या बहिणींना भट्टी! अनुकरण करावयाचेंच तर तें टोपीचें न करतां या गोष्टीचें करावें.

माझ्या पक्षाच्या लोकांनाहि दोन शब्द सुनावले पाहिजेत. जुनी मालमोटार घेऊन तिच्यावर चकाकता मुलामा चढविणारे आणि हॉटेलाच्या दारांत शोभेसाठीं उभी करणारे धनिक तिचे उद्धारक नव्हेत. तसेंच एक गाडी सजविण्यासाठीं दुरुस्त होण्याजोग्या तीन गाड्या फोडणारेहि नव्हेत. भाग साठवून ठेवून अडलेल्यापासून दसपट किंमत काढणाऱ्यांविषयीं तर न बोललेलेंच बरें. दुरुस्तीचा पहिला नियम असा असावा कीं, जें वांचवितां येतें तें बदलूं नये, आणि जें बदललें त्याची नोंद ठेवावी.

आतां मागणें काय तें स्पष्ट करतों, म्हणजे नुसती तक्रार केल्याचा दोष येणार नाहीं. पहिलें, २०२१ च्या नियमांतील व्याख्येंत पन्नास वर्षांवरील मालवाहू गाड्या आणि बसगाड्या यांचा समावेश व्हावा. निर्बंध आहेत तेच राहूं द्यावे. दुसरें, ‘मूळ स्वरूप’ या शब्दांत धंद्याच्या काळांत झालेले बदल मोडतात, असा खुलासा व्हावा. तिसरें, सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढें चालूं न ठेवण्याचें धोरण आलें आहे. त्या ओघांत प्रत्येक जातीची निदान एक गाडी संग्रहार्थ काढून ठेवावी. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एस. टी.ची पहिली गाडी गेली, त्या दिवसाचा अभिमान आपण बाळगतों. मग त्या पिढीच्या गाड्या नातवंडांना दाखवावयास नकोत काय? चौथें, मोडीत निघणाऱ्या जुन्या गाड्यांचे वापरण्याजोगे भाग जात व सालवार नोंदवून विकण्याची सोय व्हावी. आणि पांचवें, जें सरकारवर मुळींच अवलंबून नाहीं: आपल्या अभियांत्रिकी कॉलेजांनीं ओतशाळांतले जुने पॅटर्न व मापें जमवावीं, आणि तीं वाचणारे वृद्ध हयात आहेत तोंवर त्यांना वर्गांत बोलवावें.

मेळाव्याच्या दिवशीं संध्याकाळीं मी त्या गाडीच्या केबिनमध्यें चढून बसलों. केबिन कुजली होती म्हणून ती नवी बांधावी लागली. पण चालकाच्या डाव्या बाजूची एक फळी विद्यार्थ्यानें तशीच ठेवली आहे. तिच्यावर त्याच्या वडिलांनीं पेन्सिलीनें तारखा लिहिल्या आहेत: तेल बदलल्याच्या, पाटा मोडल्याच्या, आणि एके ठिकाणीं, इतर नोंदींसारख्याच अक्षरांत, मुलाची कॉलेजची फी भरल्याची. मीं आजवर पुष्कळ सनदा व कुळांचे कागद वाचले आहेत. त्या सद्गृहस्थांना मालमोटारीचें कुळ पाहावयाचें असेल तर तें त्या फळीवर लिहिलेलें आहे. मात्र तें वाचावयास त्यांना फाटकाबाहेर यावें लागेल.